तळमजल्यावरच्या नाईकबाई

नाईकबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या, आणि ते प्यायच्या नाहीत. पेला नाकाशी न्यायच्या, डोळे मिटायच्या, सावकाश दोन श्वास घ्यायच्या आणि पेला जसाच्या तसा खाली ठेवायच्या. घरच्या बाईचा चेहरा उतरायचा. त्यामुळे आमच्या इमारतीत त्यांना आपणहून कुणी बोलवत नसे. त्या मात्र बोलावण्याची वाट बघणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आम्ही आचोळ्यात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं. परळच्या एका खोलीतून उठून आम्ही नालासोपाऱ्याला स्वतःचा फ्लॅट घेतला होता. सामानाची पोती अजून सुटायची होती. माझ्या बायकोने, सुनंदाने, हाताला लागला तो स्टीलचा पेला विसळून पाणी पुढे केलं. बाईंनी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला काही जाणवत नाही?"

"नवीन टाकी आहे, सिमेंटचा वास असेल," मी म्हणालो.

"सिमेंटला असा वास येत नाही. पंचवीस वर्षं बाटल्यांची बुचं उघडतेय मी. हा वास जिवंत आहे."

त्या माणिकपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होत्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या, लग्न केलेलं नाही, वय पन्नाशीच्या अलीकडे. सगळ्या साड्यांच्या पदरांना ॲसिडने पडलेली बारीक भोकं होती आणि त्यांची त्यांना जराही लाज नव्हती. तळमजल्यावर जिन्याला लागून असलेल्या एका खोली-स्वयंपाकघरात त्या भाड्याने राहायच्या. घरमालक पेडणेकर डोंबिवलीला असत. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा, आणि त्याची झेरॉक्स बाईंच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असायची. का, म्हणून मी एकदा विचारलं. "रोज बाहेर पडताना वाचते," त्या म्हणाल्या. "त्यात लिहिलंय, पाण्याची सोय आहे. पाणी म्हणजे पिण्याचं. नुसतं ओलं असलं म्हणजे पाणी होत नाही."

त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची रांग होती. प्रत्येक बाटलीत आमच्या इमारतीचं पाणी, बुचावर मेण आणि पोटावर चिठ्ठी: तारीख, वेळ, कुठल्या मजल्यावरचा नळ, टँकर येण्याआधीचं की नंतरचं. महिन्याभराने काही बाटल्यांच्या तळाशी मऊ, तपकिरी, शेवाळासारखं काहीतरी जमायचं आणि बाटली हलवली की ते उठून फिरायचं. सुनंदाने एकदा ते बघितलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. बाईंना आनंद झाला. "बरं झालं. किळस आली पाहिजे. किळस गेली की माणूस काहीही पितो, आणि कुणाच्याही हातचं."

हे त्यांचं लाडकं मत होतं. दुधाच्या पिशवीतलं दूध त्या शाळेच्या मोजपात्रात ओतून बघायच्या. रॉकेलच्या दुकानदाराचं माप तळाशी ठोकून उचललेलं आहे, हे त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना बोट घालून दाखवलं होतं. दुकानदार म्हणाला, "बाई, चुकून झालं असेल." बाई म्हणाल्या, "असेल. लिहून द्या चुकून झालं म्हणून." ते ऐकून दुकानदाराने माप बदललं. मागची माणसं मात्र बाईंवरच वैतागली होती, रांग थांबली म्हणून. परत येताना बाई मला म्हणाल्या, "बघितलंत? त्याची किळस नाही आली कुणाला. माझी आली."

आमची सोसायटी तेव्हा नोंदवलेली नव्हती, पण कमिटी होती. गावडे नावाचे एक बँकेतले गृहस्थ चेअरमन, आणि अक्षर चांगलं म्हणून मी सेक्रेटरी. पहिल्याच मीटिंगला बाई आल्या. गावडे म्हणाले, "बाई, ही मालकांची मीटिंग आहे. भाडेकरूंनी बसायचं नसतं." बाई बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून पूर्ण तासभर उभ्या राहिल्या. शेवटी गावड्यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बसायचं नसतं म्हणालात. उभं राहायचं नसतं, असं नाही म्हणालात." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: जमिनीखालची पाण्याची टाकी नक्की कुठे आहे, आणि संडासाची टाकी कुठे? दोन्ही टाक्या इमारतीच्या मागे होत्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. गावडे म्हणाले, "बिल्डरने बघून बांधलं असणार." पुढचा विषय जिन्यातल्या दिव्यांचा होता. तो अर्धा तास चालला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर माझी मुलगी रूपा आजारी पडली. नऊ वर्षांची होती. आधी भूक गेली, मग उलट्या, मग डोळे पिवळे. बाईंनी तिला जिन्यातच बघितलं, खालच्या पापण्या ओढल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, "रिक्षा बोलवा. आज, आत्ता." कावीळ चांगलीच वाढली होती. सोळा दिवस रूपा दवाखान्यात होती. मी कामावर जायचो, सुनंदा दिवसा बसायची, आणि शाळा सुटली की बाई यायच्या. स्वतःच्या हाताने उकळलेलं पाणी त्या आणायच्या, रूपाला उसाचा तुकडा चोखायला द्यायच्या, तिची वही घेऊन चुकलेले धडे शिकवायच्या. रूपाला ओकारी आली की दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायच्या. मी बाप होतो, पण मला ते जमत नव्हतं. मी तोंड फिरवायचो.

त्याच महिन्यात इमारतीत आणखी चार जणांना कावीळ झाली. लोक म्हणाले, साथ आहे. बाई म्हणाल्या, "साथ फक्त आपल्याच जिन्यात कशी?"

त्यांनी टाकी बांधणारा गवंडी शोधून काढला. आचोळे गावातलाच हरी भोईर. म्हातारा माणूस, बिल्डरकडचं काम सोडून घरी बसलेला. रविवारी बाई मला बरोबर घेऊन त्याच्या अंगणात गेल्या. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत.

"दोन टाक्यांना भित एकच हाय, बाय," तो म्हणाला. "मी शेटला बोललो, मदी जागा सोडाया पायजे, दोन भिती पायजेत. शेट बोलला, कोन बघाया येतंय खाली? एकाच भितीत काम कर."

"म्हणजे अलीकडे पिण्याचं पाणी आणि पलीकडे..." मी विचारलं.

"पलीकडं ते," भोईर म्हणाला, आणि त्याने खाली मान घातली. "भितीला चीर गेली आसंल आता. भरावाची जमीन, बसते ती. टाकी भरली की पानी तिकडं जाया बघतं, रिकामी झाली की तिकडचं हिकडं."

परतताना मी रस्त्याच्या कडेला उभा राहून दोनदा थुंकलो. बाई थांबल्या. थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "आपण सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. दिसलं पाहिजे."

सोपाऱ्याच्या बाजारात कापड रंगवून देणारा एक माणूस होता. त्याच्याकडून त्यांनी हिरव्या रंगाची मोठी पुडी आणली. पोटॅशियम परमँगनेट का नको, हे त्यांनी मला रीतसर समजावलं. ते घाणीत टिकत नाही म्हणे. टँकर येणार नव्हता असा एक दिवस त्यांनी निवडला. सकाळी सकाळी आम्ही दोघं इमारतीच्या मागे गेलो. संडासाच्या टाकीचं लोखंडी झाकण जड होतं. ते मी उचललं. बाईंनी नाकाला पदरही न लावता रंग आत ओतला, काठीने ढवळला आणि वहीत वेळ लिहिली.

तिसऱ्या दिवशी सुनंदाने मला हाक मारली. पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत नळाचं पाणी पडत होतं आणि ते हिरवट होतं. फार नाही. कोवळ्या पानाचा असतो तेवढाच रंग. पण शंका घ्यायला जागा नव्हती. त्याच नळाच्या पाण्याने मी नुकतंच तोंड धुतलं होतं, चूळ भरली होती. आदल्या संध्याकाळी त्याच पाण्यात भात शिजला होता. दीड वर्ष आम्ही, सोळा घरांतली माणसं, एकमेकांची घाण पीत होतो. त्यात मुलांच्या दुधाची पावडर कालवत होतो, देवाला आंघोळ घालत होतो. मी नळ बंद केला आणि बादली उचलली.

जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. सगळे आपापल्या बादल्या, पातेली घेऊन खाली आले. बाई दारात वही घेऊन उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, रंग कुठे टाकला होता आणि तो कुठून आला. मला वाटलं, आता सगळे बिल्डरच्या नावाने पेटून उठतील. पहिला आवाज निघाला तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचा: "अगं बाई, पाण्यात रंग टाकला हिने!" दुसरा गावड्यांचा: "कुणाला विचारून टाकलात? मुलाबाळांच्या जिवाला काही झालं तर?"

नाईकबाईंचा तोल गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. "रंगाचा राग येता तुमका?" त्या गावच्या बोलीत ओरडल्या. "आणि गू पितास त्याचा काय नाय?"

झाकण मी उचललं होतं, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी बादली हातात धरून उभा राहिलो.

तरीही त्या दिवसाने काम केलं. ग्राहक मंचाकडे तक्रार करायची ठरली. बाईंनी कायद्याची पुस्तिका आणून सांगितलं, "माझं नाव चालायचं नाही. घर तुम्ही विकत घेतलंय, बिल्डरचे ग्राहक तुम्ही. मी भाडेकरू. सह्या तुमच्या, लिहिणं माझं." सात दिवसांत त्यांनी अकरा घरमालकांच्या सह्या मिळवल्या. पहिली सही माझी होती.

आणि मग बिल्डर आला. दामूशेठ. बोटात अंगठ्या, कपाळाला टिळा, मागे दोन माणसं. तो भांडायला आलाच नाही. गावड्यांच्या घरी बसून त्याने हात जोडले, चूक कबूल केल्यासारखं काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला की भिंतीला आतून प्लास्टर करून देतो. शिवाय प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक एक काळी प्लास्टिकची टाकी, फिटिंगसकट, त्याच्याकडून. कोर्टकचेरी करून वर्षं घालवण्यापेक्षा हे बरं नाही का? त्या बदल्यात एवढंच लिहून द्यायचं, की पाण्याबद्दल आमची काहीही तक्रार उरलेली नाही. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "आणि ती बाई. ती असेपर्यंत माझा माणूस आवारात पाय ठेवणार नाही. भाडेकरूच आहे ना? मग?"

"मग काय," गावडे म्हणाले.

त्याच खोलीत मी होतो. मी काय विचार केला, ते आता इतक्या वर्षांनी लिहितानाही अंगावर काटा येतो. मी विचार केला, स्वयंपाकघरातला माळा तसाही रिकामाच आहे.

दामूशेठच्या कागदावर आम्ही सह्या केल्या, तक्रार तशीच पडून राहिली, आणि पेडणेकरांना पत्र पाठवायचं ठरलं. मजकूर गावड्यांनी सांगितला, लिहिलं मी. "आपल्या भाडेकरू कुमारी नाईक यांनी इमारतीच्या पाण्यात रंग मिसळून रहिवाशांच्या जिवाशी खेळ केला आहे. त्यांचे वर्तन भांडखोर व त्रासदायक असून त्यांचा करार पुढे वाढवल्यास कमिटी हरकत घेईल." खाली सोसायटीचा शिक्का, आणि शिक्क्यावर माझी सही. सुनंदाला मी सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "आपल्या रूपाची ओकारी ओंजळीत घेतली हो त्यांनी," एवढंच ती म्हणाली, आणि चिरत राहिली. तिने मला अडवलं नाही, म्हणून त्या दिवशी मी तिच्यावरही चिडलो.

पुढच्या महिन्यात बाईंचा टेम्पो आला. सामान थोडं होतं. बाटल्यांचं खोकं त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. जिन्यावरून एकही माणूस खाली उतरला नाही; खिडक्यांचे पडदे तेवढे हलत होते. मी कामावर निघालो होतो आणि फाटकात त्यांच्या समोर आलो. त्यांच्या हातात पेडणेकरांनी पाठवलेली आमच्या पत्राची झेरॉक्स होती.

"अक्षर खरंच चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

रूपा शाळेतून आल्यावर मावशी कुठे गेल्या म्हणून रडली. मी सांगितलं, त्यांची बदली झाली.

दामूशेठच्या माणसांनी भिंतीला आतून प्लास्टर केलं. बोटभर जाडही नसेल. माळ्यांवर टाक्या बसल्या. पुढच्या पावसाळ्यात तिसऱ्या आठवड्यात पाण्याला वास सुटला. आता कुणाला नाक लावून बघायची गरज नव्हती. नळ सोडला की खोलीभर यायचा. दोन पोरं आणि एक म्हातारे गृहस्थ पिवळे पडले. गावडे दामूशेठकडे गेले तर त्याने आमच्या सह्यांचा कागद दाखवला: काहीही तक्रार उरलेली नाही. गावडे परत येऊन म्हणाले, "फसवलं हो त्याने." मी गावड्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. फसवलं म्हणे.

वकिलाने विचारलं, पुरावा काय? पुरावा होता: पंचवीस-तीस बाटल्या आणि एक वही. आणि तो पुरावा आम्ही टेम्पोत घालून पाठवून दिला होता.

बाई आगाशीला राहतात असं शाळेतून कळलं. रविवारी विरारहून एस.टी. धरून मी गेलो. बाजार ओलांडून आत केळीची वाडी होती आणि वाडीच्या मागच्या अंगाला, म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घराला लागून, बाईंची खोली. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"का आलात?"

"बाई, पाण्याला परत..."

"ते ठाऊक आहे. पाऊस लागून महिना होत आला. तुम्ही का आलात?"

मी बाटल्यांचं आणि वहीचं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे माझी आठवण नाही झाली. बाटल्यांची झाली."

मी म्हणालो, फार चुकलं, गैरसमज झाला, गावड्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मला आजही शंका नाही, किळस होती. नळाच्या पाण्याचा वास घेतानाही मी त्यांच्या तोंडावर ती इतकी बघितली नव्हती.

"तुमच्या इमारतीतून निघाल्यावर तीन जागी मला खोली मिळाली," त्या म्हणाल्या. "तिन्ही जागी आधी हो म्हणाले, मग आधीच्या मालकाला फोन केला, आणि मग नाही म्हणाले. लोकांच्या जिवाशी खेळणारी बाई! घरमालकाला एक पत्र पुरतं, मोहिते. भाडेकरूची बाजू कुणी विचारत नाही. चार महिने मी शाळेतल्या एका बाईंच्या पडवीत झोपले. हे दोघं म्हातारे अडाणी आहेत, म्हणून त्यांनी आधीच्या मालकाकडे चौकशी केली नाही, आणि म्हणून मी इथे आहे."

आत जाऊन त्यांनी कागद आणि पेन आणलं.

"लिहून द्या."

मी लिहायला बसलो. "गैरसमजातून" असा शब्द लिहिला. त्यांनी मागून वाकून तो खोडला. "गैरसमज नव्हता. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. खोटं लिहिलं, असं लिहा." मी तसं लिहिलं. "आणि झाकण कुणी उचललं?" मी तेही लिहिलं. खिशातून सोसायटीचा शिक्का काढून उमटवला. तो मी आणला होता, का ते माझं मलाच माहीत नाही. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून फायलीत ठेवलं आणि मग खाटेखालून बाटल्यांचं खोकं बाहेर ओढलं.

त्या नुसत्या बाटल्या देऊन थांबल्या नाहीत. ठाण्याला ग्राहक मंचात तारखा पडल्या तेव्हा शाळेतून रजा टाकून प्रत्येक तारखेला आल्या. हरी भोईरला त्यांनीच आणलं. आमच्याबरोबर बसल्या मात्र कधी नाहीत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, भोईरच्या शेजारी. दामूशेठच्या वकिलाने त्यांना विचारलं, "आपण फ्लॅटमालक नाही, मग आपला संबंध काय?"

"पाणी मीही प्यायलेय," बाई म्हणाल्या.

बाटल्या आणि वहीपुढे दामूशेठकडचा आमच्या सह्यांचा कागद टिकला नाही; दोन वर्षांनी निकाल आमच्या बाजूने लागला. जुन्या टाकीपासून दूर, इमारतीच्या पुढल्या बाजूला, दामूशेठला वेगळी टाकी बांधून द्यावी लागली. कमिटीने टाकीची पूजा घातली आणि भिंतीत संगमरवरी पाटी बसवली. तिच्यावर गावड्यांचं नाव होतं, माझं होतं, कमिटीतल्या सगळ्यांची होती. मी गावड्यांना म्हणालो, नाईकबाईंचं नाव घालू या. ते म्हणाले, "अहो, भाडेकरूंची नावं घालायला लागलो तर उद्या ते हक्क सांगतील." मी पुन्हा गप्प बसलो. पूजेचं आमंत्रण द्यायला मात्र आगाशीला गेलो. बाई म्हणाल्या, "पाणी चांगलं आलंय ना? मग झालं. तुमच्या पूजेला मी कशाला? आणि मोहिते, आता काम संपलं. पुन्हा यायचं कारण नाही." त्यांनी मला चहा दिला. चहा पिऊन मी निघालो आणि पुन्हा गेलो नाही.

त्या गेल्याचं कळलं ते सहा-सात वर्षांनी, वाडीच्या म्हातारीने शेजाऱ्याकडून फोन करवला तेव्हा. हृदयविकाराचा झटका, शाळेतून येऊन ओट्यावर बसल्या होत्या, उठल्या नाहीत. नोकरीचे काही महिनेच उरले होते. मी जायला निघालो तर रूपा म्हणाली, मीही येते. ती तेव्हा कॉलेजात होती.

दहावं-तेरावं होऊन गेलं होतं. खोली झाडून रिकामी केलेली होती. म्हातारीने आम्हाला ओट्यावर बसवलं, आतून एक फाईल आणली आणि म्हणाली, "बाकी कागद शाळेवाले घेऊन गेले. याच्यावर तुमचं नाव हाय, म्हनून ठेवला." मी हात पुढे केला, पण फाईल रूपाने आधी घेतली.

परतीच्या एस.टी.त तिने ती उघडली. आत दोनच कागद होते, दोन्ही माझ्या अक्षरातले: पेडणेकरांना लिहिलेल्या पत्राची झेरॉक्स, आणि बाईंना ओट्यावर लिहून दिलेलं पत्र. रूपाने पहिलं वाचलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. गाडी बाजारातून बाहेर पडून विरारच्या रस्त्याला लागली तरी ती वाचत होती.

"बदली झाली होती ना त्यांची?" तिने विचारलं.

तिने दुसरं पत्र माझ्या हातात दिलं. पहिलं नीट घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, आणि विरार येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.